सात गावांची बाग

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याला लागून गोरखीचा जुना वाडा उभा आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेने या परिसरात तळ दिला. तंबूंच्या जागी पुढे घरे झाली, घरांच्या पेठा झाल्या. पण वस्तीचे नाव लष्कर असेच राहिले. दक्षिणेतून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच स्थायिक झाली. त्यांनी आपले देव आणले, आपले सणवार आणले, आपली भाषा आणली. नारळाचे झाड मात्र त्यांना येथे रुजविता आले नाही. गोरखीत शिंदे घराण्याचे देवघर आहे आणि दसऱ्याला तेथे पूजा होते. त्या पूजेचा नारळ असो की एखाद्या साध्या घरातील सत्यनारायणाचा, तो शेकडो कोसांवरून यावा लागतो.

याचे कारण ग्वाल्हेरची थंडी. कोकणच्या किनाऱ्यावर जानेवारीतही पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. ग्वाल्हेरला त्याच महिन्यात तो ६-७ अंशांवर येतो आणि काही रात्री गोठणबिंदूच्या जवळ जाऊन पोहोचतो. अशा रात्री शेतांवर जे पांढरे हिम धरते त्याला तिकडे ‘पाला’ म्हणतात. मराठी माणसाला पाला म्हटले की झाडाची पाने आठवतात. हिंदीत तोच शब्द त्या पानांच्या वैऱ्याचे नाव आहे. या दोन पाल्यांचे भांडण फार जुने आहे. थंडीच्या मुलखात उबेचे झाड वाढवावे, किंवा एका मुलखाचे फळ दुसऱ्या मुलखात पिकवावे, हा ध्यास माणसाने हजारो वर्षे बाळगलेला आहे. त्या ध्यासाच्या इतिहासात मराठ्यांचेही एक लहानसे पान आहे. ते फारसे कोणी उलगडून पाहिलेले नाही.

प्रथम थंडी झाडाचे काय करते ते पाहिले पाहिजे. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर दिवसा तापलेली जमीन आपली ऊब रात्री झपाट्याने गमावते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी सखल भागाकडे वाहत जाऊन साचते. म्हणूनच एकाच गावात उंचवट्यावरची बाग वाचते आणि ओढ्याकाठची जळून जाते. पानांतील रसाचे बर्फ झाले की पेशी फाटतात आणि सकाळी उन्हे चढताच कोवळे शेंडे भाजल्यासारखे काळे पडतात. नारळ, केळ, अननस, आंब्याचे कोवळे रोप ही सारी या माराला बळी पडणारी झाडे होत.

परंतु थंडी ही सर्वच झाडांची वैरीण नव्हे. सफरचंद, नासपती, पीच, चेरी यांना हिवाळ्यात झोप घ्यावी लागते. ठराविक तास पुरेशी थंडी मिळाली नाही, तर वसंतात त्यांचे डोळे नीट फुटत नाहीत आणि फुलोरा विस्कळीत येतो. सफरचंदाच्या अनेक जुन्या जातींना ७ अंशांखालची सुमारे हजार तासांची थंडी लागते. म्हणजे नारळाला ग्वाल्हेर फार थंड पडते आणि सफरचंदाला फार उष्ण. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात बाग लावणाऱ्या प्रत्येकाला या दोन टोकांच्या मध्ये आपली वाट शोधावी लागली.

ही वाट शोधण्याची एक फार जुनी आठवण चिनी प्रवासी ह्यूएनत्संग याने नोंदवून ठेवली आहे. तो सातव्या शतकात पंजाबातील चीनभुक्ती नावाच्या प्रांतात गेला होता. कनिष्काच्या दरबारी ओलीस म्हणून आलेले चिनी राजपुरुष हिवाळ्यात तेथे राहत, अशी कथा त्याला सांगण्यात आली. पीच आणि नासपती ही फळे त्यांनीच प्रथम त्या भूमीत आणली, म्हणून पीचला चीनानी आणि नासपतीला चीनराजपुत्र असे म्हणतात, असे तो लिहितो. कथेतील तपशील कसाही असो. पीचचे मूळ घर चीन हेच होय, हे आजचे वनस्पतिशास्त्रही सांगते. परदेशी अडकलेल्या माणसाने आपल्या गावचे फळ जवळ असावे म्हणून झाड लावावे, हा या इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा धडा बाबराचा. १५०८-०९ च्या सुमारास त्याने काबूलच्या पूर्वेस, आजच्या जलालाबादजवळ आदीनापूर येथे बाग-ए-वफा नावाची बाग रचली. दक्षिणेला सफेदकोहचा बर्फाचा डोंगर, आणि बागेत हौदाभोवती नारिंगाची झाडे. पुढे लाहोर आणि दिपालपूर जिंकले त्या साली त्याने केळीची रोपे नेऊन तेथे लावली, आणि ती चांगली लागली. त्याच्या आदल्या वर्षी लावलेला ऊसही तेथे जोमाने वाढला होता. अफगाणिस्तानात केळ पिकविणे ही हौस वेडेपणाची वाटेल. परंतु बाबराने जागेचे वर्णन करताना तीन गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत: बाग उंचावर आहे, वाहते पाणी हाताशी आहे आणि तेथला हिवाळा सौम्य आहे. गार हवा उतारावरून निघून जाते आणि ओली जमीन दिवसाची ऊब अधिक साठवून ठेवते, हे आजचा शास्त्रज्ञ सूत्रे मांडून सांगतो. बाबराने ते डोळ्यांनी हेरले होते.

१५२६ साली पानिपत जिंकून तो आग्र्यास आला तेव्हा अडचण उलटी झाली. हिंदुस्थानात चांगली द्राक्षे नाहीत, चांगली खरबुजे नाहीत, बर्फ नाही, अशी त्याची तक्रार प्रसिद्धच आहे. १५२९ च्या आरंभी आपला जुना सरदार ख्वाजा कलान याला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की नुकतेच एक खरबूज कापून खाल्ले आणि डोळ्यांतले पाणी आवरेना. साम्राज्य मिळाले होते. परंतु जिभेला काबूल हवे होते. मग त्याने बल्ख येथील एका माळ्याकडून आग्र्याच्या बागेत खरबुजे लावून घेतली, द्राक्षाचे वेल लावले, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दोन्ही फळे हाती आल्यावर आपले मन भरल्याची नोंद केली. त्या नोंदीत बादशहाचे समाधान आहे, परंतु बल्खच्या माळ्याचे नाव नाही.

या दोन नोंदींच्या अलीकडे, १५२८ च्या सप्टेंबरात, बाबर ग्वाल्हेरला येऊन गेला होता. मानसिंहाचा महाल, किल्ल्यावरचे तलाव, उरवाई खोऱ्यातील मूर्ती यांचे वर्णन त्याने केले आहे. त्या मूर्ती फोडण्याची आज्ञा त्यानेच दिली, हेही त्याने लपविलेले नाही. पण त्याच प्रवासात किल्लेदार रहीमदाद याच्या छोट्या बागेत त्याला गडद तांबड्या कण्हेरी दिसल्या. इतरत्र त्याने पाहिलेली कण्हेर फिक्या गुलाबी रंगाची असे. त्याने ग्वाल्हेरची ती रोपे उचलून आग्र्याच्या बागांत लावली. एका हाताने मूर्ती फोडणारा मनुष्य दुसऱ्या हाताने रोप जपून नेतो, ही विसंगती इतिहासात पुष्कळदा आढळते.

अकबराच्या काळी इराण आणि तुराणमधून बागाईत जाणणारी माणसे येऊन येथे वसली, असे अबुल फजल सांगतो. जहांगीर हा तर झाडापेडांचा बारीक निरीक्षक. त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे, की आपल्या बापाच्या राज्यापूर्वी काश्मीरात शाह-आलू म्हणजे गोड चेरी नव्हती. महंमद कुली अफशार याने ती काबूलहून आणून कलमे बांधली आणि मग झाडे फळू लागली. जर्दाळूची कलमेही त्यानेच रूढ केली. येथे बागवानाचे नाव राहिले आहे, ही जहांगीराची कृपा म्हटली पाहिजे. जहांगीरच असेही सांगतो, की फिरंग्यांच्या बंदरांतून आलेला अननस आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरसाल हजारोंनी पिकतो. आग्रा ग्वाल्हेरहून अवघे शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि हिवाळा दोहोंकडे सारखाच. अमेरिकेच्या उष्ण भूमीतले हे झाड तेथील थंडीत जगवायचे म्हणजे माळ्यांनी किती हिवाळी रात्री जागून काढल्या असतील, याची कल्पना करावी. परंतु आज आग्र्याला कोणी अननसाचा प्रांत म्हणून ओळखत नाही. आंबा तोडला नाही तर शंभर वर्षे उभा राहतो. परमुलखातले नाजूक झाड दरवर्षी नव्याने राखावे लागते. राखणारा हात गेला, की एका रात्रीच्या पाल्यात पन्नास वर्षांची मेहनत संपते.

म्हणूनच सहारनपूरच्या बागेची हकीकत मोलाची वाटते. सहारनपूर हे गंगा-यमुनेच्या दुआबाच्या वरच्या टोकाला, हिमालयाच्या पायथ्याशी आहे. तेथे फरहतबक्ष नावाची एक बाग अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीपासून होती. पुढे तो मुलूख नजीबखान रोहिल्याच्या घराण्याकडे गेला. नजीबखान म्हणजे ज्याने अब्दालीला साथ देऊन १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा घात केला, तोच. त्याचा मुलगा झाबेताखान याने या बागेच्या खर्चासाठी सात गावांचा महसूल लावून दिला. झाबेताखानाचा मुलगा गुलाम कादिर हा इतिहासात क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध झाला. १७८८ साली त्याने दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाह आलम बादशहाचे डोळे काढले. परंतु बापाने लावलेली बागेची नेमणूक त्यानेही चालू ठेवली होती.

महादजी शिंद्यांच्या फौजांनी दिल्ली सोडविली, गुलाम कादिराचा पाठलाग करून त्याला पकडले आणि १७८९ च्या मार्चमध्ये त्याला देहान्त शासन झाले. सहारनपूरचा मुलूख शिंद्यांच्या अंमलाखाली आला. नजीबाच्या घराण्याविषयी मराठ्यांच्या मनात काय होते, हे निराळे सांगण्याची गरज नाही. १७७२ साली मराठी फौजांनी नजीबाच्या पत्थरगडावर पानिपताचा सूड उगविला होता. आता तर घराण्याचा शेवटचा मोठा पुरुषही संपला होता. त्याने चालविलेली बाग मोडून टाकावी, सात गावांचा वसूल फौजेच्या खर्चाकडे वळवावा, यात त्या काळच्या रीतीला सोडून काहीच झाले नसते. शिंद्यांना पैशाची ओढ तर सतत असे. कवायती पलटणींचे पगार थकलेले असत. तरीही बागेची नेमणूक मराठी अमलातही चालू राहिली. सहारनपूरच्या बागेचा पुढे कारभार पाहणाऱ्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने, जॉन फोर्ब्स रॉयल याने, बागेचा पूर्ववृत्तांत देताना ही गोष्ट नमूद करून ठेवली आहे.

मराठ्यांच्या उत्तरेतील इतिहासात लढाया आहेत, खंडण्या आहेत, तहनामे आहेत. त्यांच्यामध्ये ही सात गावांची गोष्ट अगदी बारीक दिसते. पण तिचे फळ दीर्घकाळ टिकले. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी दुआब कंपनी सरकारला दिला. मुलखाबरोबर बागही गेली. मात्र ती ओसाड रान म्हणून न जाता चालती बाग म्हणून गेली. १८१७ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत तिला सरकारी वनस्पती-उद्यानाचे रूप मिळाले आणि डॉक्टर गोवन हे पहिले अधीक्षक झाले. त्यांच्यानंतर १८२३ पासून रॉयल यांनी आठ वर्षे काम केले.

रॉयल यांच्या ध्यानी एक मर्म आले. सहारनपूरला वर्षात जणू दोन देशांची हवा मिळते. उन्हाळा आणि पावसाळा उष्ण कटिबंधाचा, तर हिवाळा युरोपाच्या वसंतासारखा. पावसाळ्यात भात पिकणाऱ्या त्याच जमिनीत हिवाळ्यात गहू आणि सातू उभे राहतात. मग झाडांच्या बाबतीतही दोन्ही देशांचे पाहुणे एकाच कुंपणात का राहू नयेत? आंब्यापासून काही हातांवर पीच आणि नासपती, असा संसार तेथे मांडला गेला. पुढे हिमालयातील चहाच्या लागवडीलाही याच उद्यानाचा आधार मिळाला. चीनमधून चहाची रोपे घेऊन आलेला रॉबर्ट फॉर्च्यून १८५१ साली येथे उतरला होता.

युरोपात याच ध्यासाने निराळे मार्ग काढले. व्हर्साय येथे चौदाव्या लुईसाठी १६८४ ते १६८६ या काळात नारिंगाच्या झाडांचे दगडी घर बांधण्यात आले. पेट्यांत लावलेली झाडे उन्हाळ्यात बाहेर अंगणात मांडावीत आणि हिवाळ्यात जाड भिंतींच्या आत न्यावीत, हा क्रम तेथे अजून चालू आहे. पॅरिसजवळ माँत्रई गावच्या शेतकऱ्यांना राजाची संपत्ती नव्हती. त्यांनी शेतांत गिलावा केलेल्या उंच भिंती बांधल्या आणि पीचच्या फांद्या पंख्यासारख्या पसरून त्या भिंतींना बांधल्या. भिंत दिवसा ऊन पिई आणि रात्री झाडाला ऊब देई. अशा भिंतींचे जाळे शेकडो किलोमीटर वाढले. मग एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, दक्षिणेतील स्वस्त पीच पॅरिसला पोहोचू लागले आणि भिंतींची निगा थांबत गेली.

रशियात इव्हान मिचुरिन यांनी तिसरा मार्ग धरला. कोझलोव्ह गावी त्यांनी आरंभी दक्षिणेकडील फळझाडांची काटक खुंटांवर कलमे केली. कडक हिवाळ्यांनी ती मारून टाकली. तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या जातींचा संकर करून बियांतून नवी झाडे निवडण्याचे काम हाती घेतले. अति पूर्वेकडील उसुरी नासपती थंडीला दाद देत नाही, पण तिचे फळ बेचव. फ्रेंच जातीची नासपती रसाळ, पण नाजूक. दोहोंच्या संकरातून हिवाळी नासपतीची नवी जात निघाली. मिचुरिन १९३५ मध्ये वारले. त्यांच्या नावावर पुढे राजकारणाने जे अशास्त्रीय वाद माजविले, त्यांचे काहीही असो. कलमाने नाजूक झाडाचा पिंड बदलत नाही, हा त्यांचा कष्टाने मिळविलेला पहिला अनुभव खराच होता.

महाराष्ट्रालाही हा झगडा अगदी अपरिचित नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा हिवाळ्यात एकाएकी ४-५ अंशांच्याही खाली घसरतो. द्राक्षाचे घड त्या सुमारास मणी फुगण्याच्या अवस्थेत असतात. अशा थंडीत मणी तडकले, तर वर्षाची कमाई मातीमोल होते आणि बँकेचे कर्ज तसेच अंगावर राहते. म्हणून शेतकरी पहाटे उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवितात, वेलींच्या मुळाशी पाणी सोडतात. पाण्यातील ऊब आणि शेकोटीची धग मिळून हवा दोन-तीन अंशांनी सावरली, तरी बाग वाचते. उत्तरेकडील माळी आंब्याच्या रोपाला तीन बाजूंनी गवताची झोपडी करून आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी उघडी ठेवतो, तो याच विद्येचा दुसरा प्रकार. पाणी, आडोसा, विस्तव, उंचवटा आणि जातीची निवड: बाबरापासून निफाडपर्यंत साधने एवढीच आहेत. त्यांच्या जोडीला पाहिजे तो जागरणाला तयार असलेला माणूस.

सहारनपूरची बाग अजून आहे. उत्तर प्रदेशाच्या उद्यान खात्याचे प्रयोग आणि प्रशिक्षणाचे केंद्र आता तेथे चालते. त्या केंद्रात शरबती नावाची मैदानी पीच आणि अमेरिकेतील फ्लोरिडा येथे तयार झालेली, थोड्या थंडीवर भागविणारी फ्लोर्डासन ही जात यांचा संकर करून ‘सहारनपूर प्रभात’ नावाची नवी पीच निर्माण करण्यात आली. ती आंब्याच्या हंगामाआधीच पिकते. कनिष्काच्या ओलिसांपासून निघालेली ही वाट रोहिल्यांच्या, मराठ्यांच्या आणि कंपनी सरकारच्या कुंपणातून जात येथवर आली. राज्ये चार वेळा बदलली. सात गावांचा वसूल एका पिढीने जरी बंद पाडला असता, तरी पुढच्यांना पहिल्या खड्ड्यापासून आरंभ करावा लागला असता.

गोरखीच्या देवघरात नारळ आजही दक्षिणेकडूनच येतो. तो कोणत्याही नेमणुकीने ग्वाल्हेरला पिकणार नाही. काही झाडांपुढे माणसाने हात जोडावेत हेच खरे. पण जी झाडे जगविता येतात, ती कोणी लावली याची चौकशी न करता पाणी घालीत राहावे, इतके शहाणपण दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी शिंद्यांच्या अमलात दाखविले गेले. आणि तेही नजीबाच्या घराण्याने पोसलेल्या बागेसाठी.